आईच रमाबाईंची शाळा
गंगामूळच्या जंगलात सुरू झालेल्या गृहशिक्षणाची आणि त्यातून घडलेल्या पंडिता रमाबाईंची जीवनकथा

खास प्रतिनिधी

नवे शैक्षणिक वर्ष जवळ येऊ लागले की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत उपनगरांतील घराघरांत एकच विषय असतो. कोणत्या शाळेत प्रवेश मिळेल, फी किती, स्कूलबस कुठून सुटते, क्लास कोणता लावायचा. या धावपळीत काही आईवडिलांच्या मनात एक वेगळाच विचार डोकावतो. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविले तर? विचार मनात येतो आणि बहुतेक वेळा तिथेच विरून जातो. त्याला अडविणाऱ्या शंका तीन. आपण काही शिक्षक नाही, मग आपल्याला हे जमेल का? सासर-माहेरचे, शेजारपाजारचे लोक काय म्हणतील? आणि या मुलाचे पुढे पोटापाण्याचे काय होईल?

गृहशिक्षण किंवा होमस्कूलिंग हा शब्द आपल्याकडे अलीकडे रुळला. पण या तिन्ही शंकांना प्रत्यक्ष आयुष्यात तोंड दिलेले एक मराठी कुटुंब एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. त्या कुटुंबातील धाकटी मुलगी एक दिवसही शाळेत गेली नाही. तिचे सगळे प्राथमिक शिक्षण आईच्या तोंडून झाले. पुढे वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव घेतले की शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि त्यांचे धर्मांतर एवढेच बहुतेकांना आठवते. त्यांना शिकविणाऱ्या आईवडिलांची कथा त्या मानाने मागे पडली आहे. मुलांना घरी शिकविण्याचे धैर्य येते कुठून, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या कथेतच सापडते.

वाड्यातला संस्कृत पाठ

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. त्यांचे घराणे मंगळूरकडील कारकळ परिसरातले. विद्येच्या ओढीने ते तरुणपणी पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययन करू लागले. हा दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतला, म्हणजे १८१८ पूर्वीचा काळ. शास्त्रीबुवा पेशव्यांच्या वाड्यात जाऊन बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. त्यांच्यासोबत जाणाऱ्या अनंतशास्त्र्यांनी तिथे एक स्त्री संस्कृत श्लोक म्हणताना ऐकली आणि ते थक्क झाले. स्त्री संस्कृत शिकू शकते, ही गोष्ट त्यांनी त्याआधी पाहिलीही नव्हती आणि ऐकलीही नव्हती. आपल्या पत्नीलाही असेच शिकवायचे, असा निश्चय त्यांनी त्या दिवशी केला.

हा निश्चय पहिल्या प्रयत्नात फसला. शिक्षण संपवून ते गावी परतले, तेव्हा पत्नीला शिकण्यात गोडी नव्हती आणि घरातील वडीलधाऱ्यांचा तर ठाम विरोध होता. अनंतशास्त्र्यांनी तो विषय सोडून दिला. पुढे काही वर्षे ते म्हैसूर दरबारी पंडित म्हणून राहिले. संसार झाला, तीर्थयात्रा झाल्या. दरम्यान त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. वाड्यात ऐकलेले ते श्लोक मात्र त्यांच्या मनातून गेले नाहीत.

अशाच एका यात्रेत गोदावरीकाठी पैठणला त्यांची एका यात्रेकरू ब्राह्मणाशी गाठ पडली. त्याच्यासोबत त्याच्या दोन मुली होत्या. त्यांपैकी नऊ वर्षांच्या मुलीचा विवाह त्याने अनंतशास्त्र्यांशी लावून दिला. अनंतशास्त्री तेव्हा चव्वेचाळिशीच्या आसपास होते. आजच्या वाचकाला हा विवाह अस्वस्थ करील आणि ते स्वाभाविकच आहे. त्या काळी अशा विवाहांत कोणाला वावगे वाटत नसे. लोकांना वावगे वाटले ते निराळेच. या नवऱ्याने आपल्या लहानग्या बायकोला, लक्ष्मीबाईला, घरी आणून संस्कृत शिकवायला सुरुवात केली, हे त्यांना खपले नाही.

चारशे पंडितांपुढे

विरोध पुन्हा उसळला. या वेळी अनंतशास्त्र्यांनी माघार घेतली नाही, वादही वाढविला नाही. त्यांनी घर सोडले आणि पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्या जिथे उगम पावतात त्या डोंगरात, दाट अरण्यात बिऱ्हाड थाटले. तिथली पहिली रात्र उघड्यावर गेली. जवळच वाघाच्या डरकाळ्या ऐकू येत होत्या, लहानगी लक्ष्मी पासोडीत गुरफटून भीतीने थरथरत पडली होती आणि अनंतशास्त्री रात्रभर पहारा देत बसले होते. पुढे तिथे घर उभे राहिले आणि शिकवणे पुन्हा सुरू झाले.

तथापि जंगलात गेल्याने प्रश्न सुटला नाही. बायकोला देवभाषा शिकविणारा हा शास्त्री धर्मबाह्य वागतो, अशी तक्रार माध्व संप्रदायाचे मुख्य पीठ असलेल्या उडुपीपर्यंत गेली आणि जाब देण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. सुमारे चारशे पंडितांच्या सभेपुढे अनंतशास्त्री उभे राहिले. बहिष्काराची टांगती तलवार डोक्यावर होती.

अनंतशास्त्री या सभेला रिकाम्या हाताने गेले नव्हते. त्यांनी धर्मग्रंथ पिंजून काढले होते आणि स्त्रियांच्या अध्ययनाला अनुकूल असलेली वचने क्रमवार उतरवून ठेवली होती. वेदांचा अधिकार स्त्रियांना नसला तरी पुराणे, काव्ये आणि इतर संस्कृत वाङ्मय शिकण्यास शास्त्राचा अडथळा नाही, अशी मांडणी त्यांनी आधारांसह केली. सभेला ती खोडून काढता आली नाही. अनंतशास्त्री बहिष्काराविना परतले आणि त्यानंतर त्यांच्या वाटेला कोणी फारसे गेले नाही.

लोक काय म्हणतील, या शंकेला डोंगरे कुटुंबाने दिलेले उत्तर असे होते. अनंतशास्त्री स्वभावाने बंडखोर नव्हते. रूढ धर्मावर त्यांची गाढ श्रद्धा होती आणि वेदांच्या बाबतीत त्यांनी रूढ मर्यादा मान्यच केली होती. त्यांचे धैर्य अभ्यासातून आलेले होते. ज्या ग्रंथांच्या बळावर लोक त्यांना अडवीत होते, ते ग्रंथ त्यांनी अडविणाऱ्यांपेक्षा अधिक बारकाईने वाचले होते.

शिष्येची झाली गुरू

गंगामूळच्या घराला हळूहळू आश्रमाचे रूप आले. दूरदूरचे विद्यार्थी अनंतशास्त्र्यांकडे शिकायला राहू लागले, यात्रेकरू आणि अतिथी येऊ लागले. या सगळ्यांचे खाणेपिणे, गुरेढोरे, मुलेबाळे हा भार लक्ष्मीबाईंवर होता आणि त्यातच त्यांचे स्वतःचे अध्ययन चालू होते. नऊ वर्षांची असताना अक्षरओळख नसलेली ही मुलगी पुढे इतकी तयार झाली की विद्यार्थ्यांना त्याच पाठ देऊ लागल्या.

याच घरात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. या दांपत्याच्या सहा मुलांपैकी जगली ती तिघे: कृष्णाबाई, श्रीनिवास आणि सर्वांत धाकट्या रमाबाई. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाला गंगामूळ सोडावे लागले. पाहुणचार आणि विद्यार्थ्यांचा खर्च यांपायी कर्ज झाले होते आणि जमीनजुमला विकण्याखेरीज मार्ग उरला नव्हता. वेताच्या पेटीत निजलेल्या तान्ह्या रमेला नोकराच्या डोक्यावर देऊन डोंगरे कुटुंब डोंगर उतरले. तेव्हापासून यात्रा हेच त्यांचे घर झाले. देवळात किंवा घाटावर पुराण सांगावे, श्रोत्यांनी भक्तिभावाने ठेवलेल्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

थोरल्या मुलीचा विवाह अनंतशास्त्र्यांनी रीतीप्रमाणे बालपणी लावून दिला होता. त्याचे फळ कडू निघाले. त्यामुळे धाकटीचे लग्न लवकर करायचे नाही, तिला शिकवायचे, असे त्यांनी ठरविले. पण रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा वडिलांची सत्तरी आली होती. रोज बसून शिकविण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. शिकविण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले आणि आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आई हीच रमाबाईंची शाळा झाली.

दिवसभर स्वयंपाकपाणी, प्रवास, पूजाअर्चा यांत वेळ जात असल्याने शिकण्यासाठी पहाट तेवढी मोकळी असे. उजाडण्यापूर्वी लक्ष्मीबाई झोपेने जड झालेल्या मुलीला मांडीवर घेऊन गोंजारत जागे करीत आणि पक्ष्यांची किलबिल सुरू होत असताना श्लोक म्हणून घेत. समोर पोथी नसे, आईचे ओठ हाच ग्रंथ. आईने म्हणावे, मुलीने म्हणावे, अर्थ समजावून घ्यावा, दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचे पुन्हा म्हणून पुढे जावे, अशी ही पद्धत होती. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना पुराणांतील अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. व्याकरण आणि कोश यांचेही अध्ययन झाले. मराठी त्या घरातील बोलण्यातून आणि हाती येणाऱ्या वर्तमानपत्रांतून शिकल्या. कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा भटकंतीने दिल्या.

आपल्याला जमेल का, या शंकेचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या चरित्रात आहे. त्यांच्यापाशी पदवी नव्हती, स्थिर घर नव्हते, निवांत वेळही नव्हता. स्वतः शिकत राहण्याची सवय आणि रोजची न चुकणारी पहाट, एवढीच त्यांची सामग्री होती. सातत्याचे मोल किती, हे पुढे गांधीजींच्या अनुभवातूनही दिसले. दक्षिण आफ्रिकेत असताना मुलांना तिथल्या शाळांत न घालता घरी शिकविण्याचा प्रयोग गांधीजींनी केला. पण कामाच्या व्यापात मुलांना हवा तितका वेळ देता आला नाही, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात नमूद करून ठेवली आहे. विद्वत्ता आणि निष्ठा असूनही वेळ नसेल तर घरचे शिक्षण लंगडे पडते.

घरातली स्त्री घरीच शिकण्याचे प्रसंग त्याच काळात इतरत्रही घडत होते. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८७३ मध्ये विवाह होताच पत्नी रमाबाईंना शिकवायला घेतले. गोपाळराव जोशी यांनी आनंदीबाईंना शिकविले आणि त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. ही दोन्ही उदाहरणे पतीने पत्नीला शिकविल्याची आहेत. डोंगरे कुटुंबात विद्या आणखी एक पायरी पुढे गेली. नवऱ्याने बायकोला शिकविले आणि तिने ते लेकीच्या हाती दिले.

दुष्काळाने दाखविलेली उणीव

तिसरी शंका उपजीविकेची. इथे मात्र डोंगरे कुटुंबाचे गृहशिक्षण तोकडे पडले आणि त्याची किंमत फार मोठी होती.

अनंतशास्त्र्यांनी मुलांना बाहेरच्या जगापासून कटाक्षाने दूर ठेवले होते. इंग्रजी शिक्षण नको, इतर लोकांत फार मिसळणे नको, पुराण सांगण्याखेरीज दुसरा उद्योग नको, असा त्यांचा दंडक होता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, लोकांनाच खायला मिळेना, तेव्हा पुराण ऐकून दक्षिणा कोण देणार? जवळचा पैसा संपला, दागिने गेले, भांडी गेली. मुले धडधाकट होती, पण पोट भरण्याचे एकही काम त्यांना शिकविलेले नव्हते. अंगमेहनतीचे काम करण्याची जातीपायी लाज वाटे आणि भीक मागण्याचा संकोच होता. अखेर हे कुटुंब रानातला पाला खाऊन दिवस काढू लागले. वृद्ध आणि अंध झालेले अनंतशास्त्री १८७४ मध्ये वारले. जवळपास दीड महिन्यात लक्ष्मीबाईही गेल्या. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः पुढे होऊन भार घेतला. पुढे थोरली बहीणही दगावली.

मागे उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमाबाई, पायी भटकत राहिली. उत्तरेस काश्मीरपर्यंत जाऊन १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोचली. तिथे रमाबाईंचे संस्कृत ऐकून विद्वज्जन चकित झाले. त्यांची परीक्षा झाली, पदव्या मिळाल्या, व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. वडिलांनी उडुपीच्या सभेत मान्य केलेली मर्यादा मुलीने ओलांडली तीही कलकत्त्यातच. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली आणि स्त्रियांना वर्ज्य मानलेले वेदाध्ययन रमाबाईंनी सुरू केले. स्त्रियांपुढे धर्मावर बोलण्यासाठी धर्मशास्त्रे वाचताना त्यांतील स्त्रीविषयक विचार त्यांना खटकू लागले. घरात मिळालेली वाचण्याची सवय आता घरातल्या श्रद्धांनाच प्रश्न विचारू लागली होती.

पुणे, इंग्लंड, अमेरिका

यानंतरचा काळ वेगाने घडला. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या मुलीसह पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकविण्यासाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्रियांवर उपचारासाठी स्त्री डॉक्टर तयार झाल्या पाहिजेत, असा आग्रह त्यांनी आयोगापुढे धरला.

वडिलांनी वर्ज्य ठरविलेले इंग्रजी त्यांनी पुण्यात मिस हर्फर्ड यांच्याकडे शिकायला घेतले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील भगिनींच्या मठात राहत असताना त्याच वर्षी त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस होता, परंतु ऐकू कमी येत असल्याने तो सोडून द्यावा लागला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या इंग्रजी, गणित, विज्ञान शिकल्या आणि संस्कृत शिकविले. ज्यांनी शाळेची पायरी चढली नव्हती, त्या पंचविशी उलटल्यावर विद्यार्थिनी आणि शिक्षिका अशा दोन्ही नात्यांनी वर्गात बसल्या. घरच्या शिक्षणातील उणिवा त्यांनी स्वतः शोधून भरून काढल्या.

मनोरमेच्या शिक्षणावरून वॉन्टेजच्या भगिनींशी त्यांचा बराच पत्रव्यवहार झाला. मुलीला कोणती धर्मतत्त्वे शिकवावीत, तिने कुठे राहावे, यांवर भगिनींचे म्हणणे एक होते, रमाबाईंचे दुसरे. ज्यांच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशीही त्यांनी या बाबतीत तडजोड केली नाही. आपल्या मुलीने काय शिकावे हे ठरविण्याचा पहिला अधिकार आईचा, ही त्यांची भूमिका होती. उडुपीच्या सभेत वडील ज्या ठामपणे उभे राहिले होते, तोच ठामपणा इथे दिसतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आईला, लक्ष्मीबाईंना, अर्पण केले. याच मुक्कामात त्यांनी फ्रबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. खेळ, वस्तू, चित्रे, हातकाम यांतून मुलाला शिकू द्यावे, असे सांगणारी ती पद्धत होती. पाठांतरावर वाढलेल्या रमाबाईंना तिचे महत्त्व पटले. भारतात तिचा उपयोग करण्याच्या हेतूने त्यांनी मराठी क्रमिक पुस्तकांची तयारीही तिथेच सुरू केली.

मुंबईत शारदा सदन

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी चौपाटी भागात शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय बालविधवांना राहण्याची आणि शिकण्याची सोय देणाऱ्या या संस्थेत घर आणि शाळा एकत्र होती. इथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांनी पुढे हिंगण्याचा आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारले. आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच. सांताक्रूझ-जुहूच्या त्याच्या आवारात उपनगरांतल्या हजारो मुलींनी शिक्षण घेतले आहे. गंगामूळच्या घरातून निघालेला एक धागा असा थेट पश्चिम उपनगरांपर्यंत येतो.

१८९० मध्ये शारदा सदन पुण्यास गेले. सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई आपली निष्ठा लपवीत नव्हत्या आणि विधवांच्या शिक्षणाचे काम धर्मापासून अलग राहावे, असे सुधारकांना वाटत होते. या वादात कोणाची बाजू किती खरी, यावर आजही दोन मते आहेत. विरोध कितीही झाला तरी रमाबाईंनी काम थांबविले नाही, ही गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे.

केडगावात श्लोकांसोबत चरखा

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने खंगलेल्या मुली पाहून त्यांना आपलेच दिवस आठवले असणार. शेकडो मुलींना त्यांनी पुणे-दौंड मार्गावरील केडगावला आणले. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. गुजरातेतील दुष्काळानंतर १९०० च्या सुमारास तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

केडगावचा अभ्यासक्रम पाहिला की डोंगरे कुटुंबाच्या शोकांतिकेतून रमाबाई काय शिकल्या ते ध्यानात येते. लेखन-वाचनासोबत विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा, छापखान्यातील जुळणी अशी कामे मुली शिकत. अंध मुलींसाठी ब्रेल आले. शिकलेल्या मुलीला स्वतःचे पोट स्वतः भरता आले पाहिजे, हा तिथला नियम होता. आईने दिलेली विद्या रमाबाईंनी टाकली नाही. त्या विद्येला हातातल्या कौशल्याची जोड दिली.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. स्वतः घरी शिकलेल्या रमाबाईंनी मनोरमेला शाळा-कॉलेजात शिकविले आणि इतरांच्या मुलींसाठी शाळा काढल्या. घर श्रेष्ठ की शाळा, असा वाद त्यांनी घातला नाही. मुलीला ज्या वेळी जे हवे ते मिळते की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. सामान्य बायकांना कळेल अशी सोपी मराठी हवी आणि भाषांतर मूळ भाषांतून हवे, म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पुस्तकाची जुळणी आणि छपाई केडगावच्या मुलींनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, काम पुरे करून रमाबाईंनी जगाचा निरोप घेतला. मुंबईत गावदेवीतील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आजच्या पालकांसाठी

घरी शिकविण्याचा विचार करणाऱ्या आजच्या पालकांना चारशे पंडितांपुढे उभे राहावे लागत नाही. पण अनंतशास्त्र्यांप्रमाणे आधी नियम वाचणे मात्र आवश्यक आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयोगटातील मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो. त्यात गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांशी बोलून घ्यावे. परीक्षेची दारे मात्र उघडी आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या परीक्षेसाठी नोंदणी करता येते. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगीरीत्या बसण्यासाठी महाराष्ट्रात '१७ नंबरचा फॉर्म' वर्षानुवर्षे परिचित आहे. फॉर्म भरण्याच्या मुदती आणि अटी दरवर्षी तपासून घ्याव्यात, हे ओघाने आलेच.

कागदपत्रांइतकाच वेळही महत्त्वाचा. नोकरी, लोकलचा प्रवास आणि घरकाम यांतून रोजचा एक ठरलेला तास काढता येईल का, हे आधी पाहिले पाहिजे. मुलाला समवयस्क कोठे भेटतील, कोणते हातकाम येईल, आपल्याला न येणारा विषय कोणाकडे सोपवायचा, याचीही आखणी हवी. या प्रश्नांकडे पाठ फिरविल्याने डोंगरे कुटुंबावर काय ओढवले, ते आपण पाहिलेच आहे.

लक्ष्मीबाई डोंगरे यांचे छायाचित्र आपल्यापाशी नाही आणि त्यांच्या नावाची संस्थाही नाही. पैठणहून जंगलात आलेली ती नऊ वर्षांची मुलगी आधी स्वतः शिकली आणि मग तिने लेकीला शिकविले. आत्मविश्वास आल्यावर तिने शिकवायला घेतले, असे घडले नाही. ती रोज पहाटे शिकवीत राहिली आणि आत्मविश्वास त्या शिकविण्यातूनच येत गेला.